आधी पर्जन्यमापक, मग पदवी: पुण्यातल्या हवामान संशोधनाचा इतिहास कसा वाचायचा



लातूर-नांदेडकडची फिजिक्स, गणित किंवा पर्यावरणशास्त्र केलेली मुलंमुली पेट-नेटची तयारी करताना एक प्रश्न हमखास विचारतात. "हवामानशास्त्रात पीएच.डी. करायची तर पुण्यालाच जावं लागतं का? दुष्काळ आपल्याकडं, गारपीट आपल्याकडं, आणि विभाग मात्र पुण्यात, असं का?"

प्रश्न रास्त आहे. "पुण्यात सगळंच आहे" हे त्याचं उत्तर नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात अॅटमॉस्फेरिक अँड स्पेस सायन्सेस, म्हणजे वातावरण आणि अवकाश विज्ञान, असा स्वतंत्र विभाग आहे. तो का उभा राहू शकला हे समजायचं असेल तर विद्यापीठाच्या कागदपत्रांच्या बरंच मागं जावं लागतं. या विषयात विभाग सगळ्यात शेवटी येतो. आधी मोजमाप येतं, मग कार्यालय, मग संशोधन संस्था आणि त्यानंतर पदवी. हा क्रम एकदा लक्षात आला की आपला विषय आणि गाईड कसा शोधायचा, हेही बरंचसं स्पष्ट होतं. म्हणून आज हा इतिहास जरा सविस्तर पाहू.

१. सुरुवात एका वहीपासून: कुलाबा आणि अलिबाग

महाराष्ट्रात शास्त्रीय पद्धतीने हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्याची गोष्ट मुंबईच्या कुलाब्यापासून सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा उभारली. हेतू ज्ञानाचा कमी आणि जहाजांचा जास्त होता. पण एकदा रोज ठराविक वेळी नोंद घ्यायची सवय लागली की त्या वह्यांना हळूहळू वेगळीच किंमत येते.

या वेधशाळेची एक गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे नक्की झालं. ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा संचालक होते एन. ए. एफ. मूस. चुंबकीय वेधशाळा मुंबईबाहेर, अलिबागला हलवायचं ठरलं. पण आज इकडे बंद आणि उद्या तिकडे सुरू, असं केलं नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा अलिबागची मालिका तयार होती आणि कुलाब्याच्या मालिकेशी तिचा सांधाही जुळलेला होता.

ही दोन वर्षं का महत्त्वाची? समजा तुमच्या तालुक्याचा पर्जन्यमापक तहसील कार्यालयाच्या अंगणात होता आणि तो उचलून नव्या इमारतीच्या गच्चीवर ठेवला. त्यानंतर पावसाचा आकडा कमी येऊ लागला. आता पाऊस कमी झाला की गच्चीवरच्या वाऱ्याने थेंब बाहेर जायला लागले? दोन्ही ठिकाणी काही काळ एकत्र मोजलं नसेल तर हे सांगणं फार अवघड जातं. हवामानबदलावर काम करणाऱ्यांचा पुष्कळ वेळ अशा तुटलेल्या मालिका जोडण्यात जातो. तुम्ही कुठल्याही केंद्राची जुनी आकडेवारी घेतलीत तर पहिला प्रश्न हाच विचारा: हे यंत्र इतकी वर्षं एकाच जागी होतं का?

२. दुष्काळातून जन्मलेला अंदाज

१८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग, म्हणजे आयएमडी, स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे पहिले प्रमुख. लगेचच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. दख्खनमध्ये त्याने हाहाकार माजवला. त्यानंतर सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा मान्सून कमजोर राहतो, असं ब्लॅनफोर्ड यांचं निरीक्षण होतं. त्यावर त्यांनी १८८२ पासून प्रायोगिक अंदाज दिले आणि १८८६ पासून असा अंदाज नियमित देणं सुरू झालं.

यानंतरचं मोठं नाव म्हणजे गिल्बर्ट वॉकर. ते मूळचे केंब्रिजचे गणितज्ञ. १९०४ ते १९२४ ते भारतीय हवामान विभागाचे प्रमुख होते. जगभरच्या केंद्रांचे हवेचे दाब, तापमान आणि पाऊस घेऊन त्यांचे एकमेकांशी सहसंबंध काढायचे, अशी त्यांची पद्धत होती. संगणक नव्हताच. कार्यालयातली माणसं हाताने आकडेमोड करायची. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिलं. आज आपण बातम्यांत ज्या एल निनोबद्दल ऐकतो, त्याची वातावरणातली बाजू म्हणजे हीच.

वॉकर यांचं आणखी एक काम आहे, ज्याकडे विद्यार्थ्यांचं सहसा लक्ष जात नाही. ढीगभर घटक घेऊन सहसंबंध काढले तर त्यातले काही निव्वळ योगायोगाने चांगले दिसणार, हे त्यांनी १९१४ मध्येच लिहिलं होतं. सोपं गणित करा. पावसाशी काहीही संबंध नसलेले २० घटक घ्या आणि ५ टक्के पातळीवर प्रत्येकाची चाचणी करा. घटक एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर त्यातला किमान एक तरी 'महत्त्वाचा' दिसण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के येते. आज आपल्याकडे एका क्लिकवर दोनशे घटक तपासणारं सॉफ्टवेअर आहे. म्हणजे धोका वॉकर यांच्या काळापेक्षा कितीतरी वाढलाय. प्रबंधात "आम्हाला या घटकाचा पावसाशी संबंध आढळला" असं लिहिण्याआधी एकूण किती घटक तपासले होते, तेही लिहा. व्हायव्हाला हा प्रश्न येतोच.

३. शिमला ऑफिस पुण्याला आलं

हवामान विभागाचं मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्याला गेलं होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं. शिवाजीनगरला उतरलात की रिक्षावाल्याला "शिमला ऑफिस" म्हणा, तो बरोबर सोडतो. पुण्यात शिमला कुठून आलं, तर असं.

१९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. पण हवामानाची यंत्रं, जुन्या नोंदींचं भांडार आणि कृषी हवामानशास्त्र ही कामं पुण्यातच राहिली. पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली. अधिकारी दिल्लीला गेले, वह्या मात्र पुण्यात राहिल्या.

या काळातली दोन माणसं तुमच्या कामाची आहेत.

पहिले एल. ए. रामदास. १९३२ मध्ये पुण्यात हवामान विभागाची कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की निरभ्र, शांत रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून थंड होते, त्यामुळे सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून असते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीलगत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं. सगळ्यात थंड थर जमिनीवर नव्हता, त्याच्या काही इंच ते हात-दीड हात वर होता. १९३२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अनेकांना ते पटलं नाही. मोजण्यातच चूक असणार, असं म्हटलं गेलं. पण नंतर इतरांनी मोजलं तेव्हाही तेच दिसलं. या थराला आता 'रामदास थर' म्हणतात. त्याचं सविस्तर सैद्धांतिक स्पष्टीकरण बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं, म्हणजे साठ वर्षांनी. त्यानंतरही जमिनीलगतच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा त्यात किती वाटा, यावर काम होत राहिलं.

यातलं आपल्या उपयोगाचं काय? या शोधाला विमान लागलं नाही, उपग्रह लागला नाही. चांगले तापमापक, एक मोकळं रान आणि रात्रभर जागायची तयारी एवढं लागलं. हिवाळ्यात औसा-निलंग्याच्या काळ्या रानात असा प्रयोग एम.एस्सी.चा विद्यार्थीही करू शकतो.

दुसऱ्या अॅना मणी. जन्म १९१८, केरळ. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केलं आणि प्रबंध सादर केला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. तिथे हवामानाच्या यंत्रांचं प्रशिक्षण घेऊन १९४८ मध्ये पुण्याला हवामान विभागात रुजू झाल्या. तोपर्यंत साधी यंत्रंही परदेशातून यायची. सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याचं काम त्यांनी उभं केलं. पुढे सौर ऊर्जा आणि वाऱ्याच्या मोजणीतही त्यांनी पायाभूत काम केलं.

पदवी नसताना झालेलं हे काम पाहून "मग पदवी कशाला?" असा निष्कर्ष काढू नका. आज पदवीशिवाय दार उघडत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. मुद्दा वेगळा आहे. यंत्र अचूक आहे की नाही हे तपासणं म्हणजे 'टेक्निशियनचं काम', असं समजून आपण ते सोडून देतो. अॅना मणी यांनी त्यालाच विज्ञान मानलं. चुकीच्या यंत्राची नोंद ठेवण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, अशी त्यांची भूमिका होती.

४. संस्था आणि विद्यापीठ एकमेकांच्या शेजारी

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. गणेशखिंडीतली त्याची मुख्य इमारत हे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं निवासस्थान होतं. पावसाळा काढायला बांधलेल्या वाड्यात उभ्या राहिलेल्या विद्यापीठात पुढे पावसाचा अभ्यास व्हावा, हा योग गमतीचा आहे.

विद्यापीठ आलं तेव्हा शहरात वेधशाळेचं कार्यालय दोन दशकं जुनं होतं. तरी लगेच विभाग निघाला नाही. मधली पायरी होती संशोधन संस्थेची. १७ नोव्हेंबर १९६२ ला हवामान विभागाच्याच अंतर्गत पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली. पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक. विद्यापीठ रस्त्यावरच्या रामदुर्ग हाउसमध्ये तिचा कारभार चालायचा. १ एप्रिल १९७१ पासून ती स्वायत्त झाली आणि आयआयटीएम या नावाने आपल्याला माहीत झाली. आता ती पाषाणला आहे, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत.

रोजचा अंदाज देणारं कार्यालय आणि संशोधन संस्था यात फरक काय? कार्यालयाला आज संध्याकाळी उत्तर द्यायचं असतं. संस्थेला एकाच प्रश्नावर अकरा वर्षं घालवता येतात. उदाहरण बघा.

१९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ पासून आयआयटीएमने बारामती परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानातून ढगात मिठाची पूड टाकायची. १९८६ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, ११ पावसाळे हा प्रयोग चालला. त्यात दोन क्षेत्रं ठरवली होती आणि मधे मोकळा पट्टा. कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रावर फवारणी करायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं, यदृच्छ पद्धतीने ठरायचं. असं का? कारण वैमानिकाने किंवा शास्त्रज्ञाने चांगले ढग बघून क्षेत्र निवडलं, तर पाऊस ढगामुळे पडला की मिठामुळे, हे कधीच कळणार नाही. शेवटी फवारणी झालेल्या क्षेत्रात सुमारे २४ टक्के जास्त पाऊस आढळला.

नंतर याच संस्थेने कायपिक्स नावाची मोहीम २००९ मध्ये सुरू केली. तिचा एक टप्पा २०१७ ते २०१९ दरम्यान आपल्या शेजारी सोलापूरला झाला. त्यात २७६ ढग तपासले. अनुकूल ढग निवडून फवारणी केली तर सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ होऊ शकते, असं त्यातून पुढे आलं. आपल्याकडं दर दुष्काळात "कृत्रिम पाऊस पाडा" ही मागणी होते. त्या वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही वाढ ढगातून पडणाऱ्या पावसातली आहे आणि ढग अनुकूल असावा लागतो. कोरड्या आभाळातून पाणी काढायची युक्ती कुणाकडेच नाही.

आता विद्यापीठांकडे येऊ. भारतात आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्र आणि समुद्रशास्त्राचं शिक्षण आधीपासून होतं. पण बऱ्याच ठिकाणी वातावरण विज्ञानाची स्वतंत्र केंद्रं १९८० च्या आसपास निघाली: आयआयटी दिल्लीत १९७९ मध्ये, बंगळुरूच्या आयआयएससीत १९८२ मध्ये. याच सुमाराला असं का झालं? १९७९ मध्ये मान्सूनवर आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिचं नाव मोनेक्स. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि ढगांची आपली स्वतःची चित्रं मिळू लागली. १९८७ मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला. १९८८ मध्ये मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र निघालं आणि त्यासाठी क्रे कंपनीचा महासंगणक आला. विदा, संगणक आणि प्रश्न तिन्ही एकत्र आले. हे सगळं चालवायला प्रशिक्षित माणसं हवी होती. ती तयार करायचं काम विद्यापीठांचं.

पुणे विद्यापीठातला विभाग या शेजाराचा फायदा असलेला विभाग आहे. एका बाजूला आयएमडीचं नोंदींचं भांडार, दुसऱ्या बाजूला आयआयटीएम. आयआयटीएममधले अनेक शास्त्रज्ञ विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक राहिले आहेत. म्हणजे विद्यार्थ्याचं काम पाषाणला चालतं आणि पदवी गणेशखिंडीची मिळते. ही व्यवस्था नीट समजून घ्या, कारण पुष्कळ मुलं फक्त विभागातल्या प्राध्यापकांची यादी पाहून "जागा नाही" म्हणून परत येतात.

शेजाराचा फायदा कसा होतो, त्याचं सुंदर उदाहरण म्हणजे सुलोचना गाडगीळ. जन्म १९४४, पुणे. शिक्षण फर्ग्युसनला, पीएच.डी. १९७० मध्ये हार्वर्डला. परत आल्यावर काही काळ आयआयटीएममध्ये आणि मग १९७३ पासून आयआयएससीत. आयआयटीएमचे डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी १९८० मध्ये एक शोधनिबंध लिहिला. १९७३ ते १९७७ या वर्षांतली उपग्रहाची रोजची चित्रं घेऊन त्यांनी ढगांचा मुख्य पट्टा रोज कोणत्या अक्षांशावर आहे ते मांडलं. त्यातून दिसलं की जमिनीवरच्या पट्ट्याशिवाय विषुववृत्ताजवळ समुद्रावरही एक पट्टा असतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने तिथून ढगांचे पट्टे उत्तरेकडे सरकतात आणि मरगळलेल्या मान्सूनला पुन्हा उभारी देतात.

आपल्या बोलीत यालाच आपण पावसाचा 'खंड' आणि 'पाऊस परतला' म्हणतो. सोयाबीन फुलोऱ्यात असताना २१ दिवसांचा खंड पडला की पीकविम्याची चर्चा सुरू होते. त्या खंडामागचं भौतिकशास्त्र समजायला या निबंधापासून सुरुवात करा. गणित फार नाही, आकृत्या बोलक्या आहेत. गाडगीळ पुढे कर्नाटक-आंध्रच्या कोरडवाहू भागात भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसल्या आणि पेरणी कधी केली तर जोखीम कमी, हा प्रश्न जुन्या पावसाच्या नोंदी घेऊन सोडवायला लागल्या. प्रश्न शेतकऱ्यांचा होता, पद्धत विज्ञानाची.

५. या सगळ्यात मराठवाडा कुठे आहे?

इथे आपला मुद्दा येतो. वरचा सगळा इतिहास मुंबई-पुण्याच्या, म्हणजे ब्रिटिश मुलखातल्या कार्यालयांचा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आपलं पहिलं विद्यापीठ औरंगाबादला १९५८ मध्ये, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ मध्ये. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची, तिथे कृषी हवामानशास्त्र शिकवलं जातं. म्हणजे पुण्यात शिमला ऑफिस आलं तेव्हा आपल्या भागात विद्यापीठच नव्हतं. विभाग का नाही याचं अर्धं उत्तर या तारखांत आहे.

याचा तुमच्या कामावर थेट परिणाम होतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या तक्त्यांत 'लातूर जिल्हा' शोधत बसलात तर सापडणार नाही. तो उस्मानाबादच्या खाली आहे आणि त्याहून मागे गेलात तर हैदराबादच्या कागदांत. जिल्हा सरासरीची मालिका करताना १९८२ च्या आधीची आणि नंतरची सरासरी एकाच भूभागाची आहे का, हे तपासावंच लागतं.

दुसरी अडचण सरासरीची. आयएमडी देशाचे ३६ हवामान उपविभाग मानतं. मराठवाडा हा त्यातला एक. आयआयटीएमने ३०६ पर्जन्यमापक केंद्रांवरून १८७१ पासूनची उपविभागवार मासिक पावसाची मालिका तयार केली आहे, तिच्यातही मराठवाडा आहे. मोलाची मालिका आहे, पण तिच्यात लातूरचं वैशिष्ट्य वेगळं दिसत नाही. देवणी-उदगीरला पाऊस आणि आष्टी-पाटोद्याला ऊन असेल तरी महिन्याचा आकडा एकच.

आयएमडी पुण्याची दुसरी विदा जास्त बारीक आहे. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, पाव अंशाच्या चौकटींत. एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. लातूर जिल्ह्यात अशा सुमारे दहा चौकटी बसतात. महसूल मंडळं मात्र त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि आपल्याकडं निर्णय मंडळावर होतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. शिवारात पाणी तुंबलंय आणि मंडळाच्या गावातल्या यंत्राने ४० दाखवले, तर नुकसानभरपाईचा प्रश्न तिथेच अडतो. महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली, ही चांगली गोष्ट. पण एक केंद्र आजूबाजूच्या किती गावांचं खरं प्रतिनिधित्व करतं, हा संशोधनाचा प्रश्न आहे. तो पुण्यात बसून कमी आणि इथे राहून जास्त नीट सुटेल.

हे का करायचं, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. देशभर ती बातमी झाली. ज्या शहराला गाडीने पाणी प्यावं लागलं, त्याच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस किती दिवसांत, किती जोराने आणि किती खंडाने पडतो, याचा बारकाईने अभ्यास करणारी माणसं इथलीच असायला हवीत.

६. मग तुम्ही काय करायचं?

अ) परीक्षा ओळखा. सीएसआयआर नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. गेटच्या एक्सई पेपरमध्ये वातावरण आणि महासागर विज्ञानाचा विभाग आहे. फिजिक्स आणि गणितवाल्यांना द्रवगतिकी आणि उष्मागतिकी पक्की असेल तर हे अवघड नाही.

आ) विभागाचं नाव पाहून थांबू नका. मार्गदर्शक कुठे काम करतो, त्याच्या हाताशी कोणती विदा आणि कोणतं यंत्र आहे ते पाहा. मागच्या पाच वर्षांतले त्याचे निबंध वाचून मगच ई-मेल करा.

इ) प्रवेशाची वाट पाहत बसू नका. पाव अंशाची विदा आयएमडी पुण्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. पायथन किंवा आर शिका आणि आपल्या तालुक्याची चौकट काढा. जून ते सप्टेंबरमधला सगळ्यात मोठा कोरडा खंड दरवर्षी किती दिवसांचा होता, एवढाच एक आलेख करा. मुलाखतीला जाताना हा आलेख खिशात असू द्या. वाचलेल्या दहा पुस्तकांपेक्षा तो जास्त बोलेल.

ई) आलेख काढलात की लगेच "खंड वाढत चाललेत" असं लिहू नका. चौकटीमागे प्रत्यक्ष केंद्रं किती होती आणि ती वर्षानुवर्षं कमी-जास्त झाली का, हे आधी बघा. अलिबागची दोन वर्षं आणि वॉकरचे वीस घटक आठवा.

उ) तहसील, कृषी विभाग, साखर कारखाना, जुनं कृषी संशोधन केंद्र इथे पावसाच्या जुन्या वह्या असतात. परवानगी घेऊन त्यांचे फोटो काढा, आकडे संगणकावर चढवा, यंत्राची जागा लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर लगेच पेपर होत नाही. पण एखाद्या भागात संशोधन रुजतं ते अशाच वह्यांवर.

पुण्याला जायचं असेल तर जरूर जा. तिथे शिकण्यासारखं खूप आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त जाताना प्रश्न इथला घेऊन जा. पदवी कुठल्या विद्यापीठाची ते प्रमाणपत्रावर येईलच. प्रबंधातला नकाशा मात्र मांजरा-तेरणा खोऱ्याचा असू शकतो, आणि तो नीट काढणारं माणूस आपल्याला हवं आहे.

पुढच्या लेखात आयएमडीच्या पावसाच्या फाइलमधून आपल्या तालुक्याची चौकट कशी वेगळी काढायची, ते एकेक ओळ घेऊन बघू. तोवर पायथन इन्स्टॉल करून ठेवा.